रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम

रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम (जन्म : डब्लिन, ३१ जुलै १८५८, मृत्यू : लँड्रिंडॉड वेल्स, १५ जुलै १९३६) हे भारतात दीर्घकाळ कार्य केलेले ब्रिटिश भूशास्त्रज्ञ आणि आधुनिक भूकंपशास्त्राच्या प्रवर्तकांपैकी एक होत. एकाच भूकंपापासून प्राथमिक, दुय्यम आणि पृष्ठीय असे तीन प्रकारचे तरंग निघतात व ते दूरच्या यंत्रावर वेगवेगळ्या वेळी पोहोचतात, हे त्यांनी प्रत्यक्ष नोंदींवरून प्रथम स्पष्टपणे दाखवून दिले. १९०६ मध्ये पृथ्वीला स्वतंत्र गाभा असल्याचा भूकंपलेखांवर आधारलेला पहिला पुरावाही त्यांनीच मांडला. शालेय भूगोलात या तरंगांची आणि गाभ्याची आकृती प्रत्येक विद्यार्थी काढतो. ओल्डहॅम हे नाव मात्र त्या धड्यात क्वचितच आढळते. १८९७ च्या आसाम भूकंपावरील त्यांचा अहवाल सर्वपरिचित आहे. त्यामानाने १८८१ च्या निकोबार भूकंपावरील त्यांचे टिपण दुर्लक्षित राहिले, आणि २००४ च्या त्सुनामीनंतर ते अभ्यासकांना पुन्हा महत्त्वाचे वाटू लागले.

जन्म व शिक्षण

रिचर्ड यांचे वडील थॉमस ओल्डहॅम हे डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात भूशास्त्राचे प्राध्यापक होते. १८५१ मध्ये ते भारतात आले आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे पहिले प्रमुख झाले. कोळशाचा शोध हे या संस्थेचे सुरुवातीचे मुख्य प्रयोजन होते. विदर्भातील वाचकांना जवळची गोष्ट म्हणजे वर्धा खोऱ्यातील कोळसा क्षेत्राचे सविस्तर वर्णन याच संस्थेच्या टी. डब्ल्यू. एच. ह्यूज यांनी केले व ते १८७७ मध्ये प्रसिद्ध झाले. रिचर्ड यांचे शिक्षण रग्बी स्कूल आणि लंडनच्या रॉयल स्कूल ऑफ माइन्स येथे झाले. थॉमस ओल्डहॅम १८७६ मध्ये निवृत्त झाले आणि १८७८ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी, १८७९ मध्ये, रिचर्ड त्याच संस्थेत रुजू झाले.

भारतातील सेवा

वडिलांनी मागे ठेवलेले काम पुरे करणे हा त्यांच्या आरंभीच्या काळातील मोठा भाग होता. थॉमस यांनी १० जानेवारी १८६९ च्या काछाड भूकंपाची माहिती गोळा केली होती. भारतातील ज्ञात भूकंपांची कालानुक्रमे यादीही तयार करीत आणली होती. या दोन्ही कामांना अंतिम रूप देऊन मुलाने ती अनुक्रमे १८८२ व १८८३ मध्ये प्रसिद्ध केली. भूकंपाच्या विषयाकडे ते वळले ते या वाटेने, असे म्हणावयास हरकत नाही. वारशाने आलेले हस्तलिखित नीट लावून देणे हे कंटाळवाणे काम मानले जाते. परंतु जुन्या नोंदींतील वेळ किती खरी, साक्षीदार किती विश्वसनीय, हे पारखण्याची सवय या कामातूनच लागते, आणि ओल्डहॅम यांच्या पुढील सर्व लेखनात ती दिसते.

हिमालय, बलुचिस्तान, शोण नदीचे खोरे, अंदमान बेटे अशा परस्परांपासून दूर असलेल्या प्रदेशांत त्यांनी सर्वेक्षण केले. मेडलिकॉट व ब्लॅनफर्ड यांनी १८७९ मध्ये सिद्ध केलेल्या भारताच्या भूशास्त्रावरील प्रमाण ग्रंथाची दुसरी आवृत्ती त्यांनी जवळजवळ नव्याने लिहून काढली. ती १८९३ मध्ये निघाली. महाराष्ट्राचा बहुतांश भाग ज्या लाव्हाच्या थरांवर वसलेला आहे, त्या दख्खनच्या बेसाल्टचे विवेचन या ग्रंथात आहे. वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यात गिरडच्या टेकडीवर सापडणारे जायफळासारखे गोल खडे पाहिलेल्यांना हा खडक वेगळा सांगावयास नको.

निकोबारचा भूकंप

३१ डिसेंबर १८८१ रोजी सकाळी बंगालच्या उपसागरात कार निकोबार बेटाजवळ मोठा भूकंप झाला. तो भारताच्या पूर्व किनाऱ्यावर आणि बंगालमध्येही जाणवला. जगात तेव्हा दूरचा भूकंप टिपणारी यंत्रे वापरात नव्हती. मात्र भारताच्या सर्वेक्षण खात्याने नुकतीच निरनिराळ्या बंदरांत भरती-ओहोटी मोजणारी स्वयंचलित यंत्रे बसविली होती. फिरत्या कागदावर पेन्सिलीने समुद्राची पातळी रेखाटणाऱ्या या यंत्रांनी भूकंपातून उठलेली लाट नोंदविली. पोर्ट ब्लेअर, मद्रास, नागपट्टणम्, विशाखापट्टणम् आदी ठिकाणी लाटांची उंची मीटरभराच्या आतच होती. त्यामुळे हानी झाली नाही आणि लोक ही घटना विसरून गेले.

सर्वेक्षण खात्यातील मेजर रॉजर्स यांनी या लाटांच्या नोंदींचा अभ्यास केला. ओल्डहॅम यांनी त्यांच्यासह ठिकठिकाणी धक्का जाणवल्याच्या वेळा एकत्र करून भूकंपाचे उगमस्थान व तरंगांचा वेग यांचा शोध घेतला. त्यांचे हे टिपण १८८४ मध्ये संस्थेच्या नियतकालिकात आले. यातील मुख्य अडचण घड्याळांची होती. भारतीय प्रमाणवेळ १९०६ पासूनची; त्यापूर्वी प्रत्येक गावाची स्थानिक वेळ निराळी असे आणि तारखात्यात व रेल्वेत मद्रासची वेळ चाले. भूकंपाचा तरंग एका मिनिटात कित्येक मैल जातो. तेव्हा एखाद्या गावचे घड्याळ चार-पाच मिनिटे मागे असले, तर उगमस्थानाचा हिशेब पार बिघडतो. ओल्डहॅम यांनी म्हणूनच साक्षीदारांच्या वेळांपेक्षा यंत्राने कागदावर उमटविलेल्या वेळेला अधिक मान दिला. पुढे १८८५ मध्ये त्यांनी अंदमान बेटांच्या भूशास्त्रावरही लिहिले आणि तेथील खडकांच्या दोन मालांना पोर्ट ब्लेअर माला व आर्किपेलॅगो माला अशी नावे दिली.

या बेटांखाली काय घडत आहे, हे मात्र त्या काळी कोणालाच ठाऊक असणे शक्य नव्हते. भूपट्टांचा सिद्धान्त १९६० नंतरच्या दशकात प्रस्थापित झाला. त्यानुसार भारतीय भूपट्ट अंदमान-निकोबारच्या पश्चिमेस समुद्रतळावरील खंदकापाशी वाकून बेटांखाली सरकत जातो. अशा पट्ट्यास अधोगमन क्षेत्र म्हणतात. दोन भूपट्टांमधील सांधा घर्षणामुळे अडकून राहतो, वरचा पट्ट हळूहळू दाबला जातो, आणि अडकलेला भाग सुटला की मोठा भूकंप होतो. मेक्सिकोचे ऑर्टिझ व अमेरिकेतील बिलहॅम यांनी १८८१ च्या भरतीमापक नोंदींचे संगणकाच्या साहाय्याने पुन्हा विश्लेषण करून २००३ मध्ये तो भूकंप सुमारे ७.९ महत्तेचा होता, असे ठरविले. सांध्याचा सुमारे १५० किलोमीटर लांबीचा भाग त्या दिवशी सुटला होता आणि कार निकोबार बेट किंचित उचलले गेले होते.

आसामचा महाभूकंप

शनिवार, १२ जून १८९७ रोजी सायंकाळी सव्वापाचच्या सुमारास आसाम व शिलाँग पठार हादरले. शिलाँगमधील दगडी इमारती कोसळल्या. सुमारे १५०० माणसे मृत्युमुखी पडली. भूकंपाच्या मानाने हा आकडा लहान वाटतो. संध्याकाळची वेळ असल्याने पुष्कळ लोक घराबाहेर होते, हे त्याचे एक कारण. ओल्डहॅम यांनी सहकाऱ्यांना निरनिराळ्या भागांत पाठविले, प्रश्नावल्या पाठवून माहिती मागविली आणि हिवाळ्यात स्वतः त्या प्रदेशात हिंडून पाहणी केली. १८९९ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा अहवाल भूकंपाच्या प्रत्यक्ष पाहणीचा आदर्श नमुना समजला जातो.

या अहवालाचे सामर्थ्य बारीक निरीक्षणात आहे. जमिनीत रुतलेले मोठे दगड आपापल्या खाचांतून बाहेर फेकले गेले होते, पण खाचांच्या कडा मोडल्या नव्हत्या. म्हणजे दगड बाजूला ढकलला न जाता सरळ वर उडाला होता. यावरून जमिनीच्या वर जाण्याचा त्वरण गुरुत्वाकर्षणाहून अधिक असला पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. चेद्रांग नदीच्या खोऱ्यात जमीन एका रेषेवर फाटून तिची एक बाजू सुमारे ३५ फुटांपर्यंत उचलली गेली होती. ही रेषा नदीला पुन्हा पुन्हा छेदत असल्याने काही ठिकाणी धबधबे, तर काही ठिकाणी तळी निर्माण झाली होती. भूकंपापूर्वी त्रिकोणमितीय सर्वेक्षणात निश्चित केलेल्या शिखरांची पुन्हा मोजणी करवून घेण्यात आली. तीत अंतरे व उंची बदललेली आढळली.

मुख्य धक्क्यानंतर आसामात कित्येक वर्षे लहान धक्के बसत राहिले. चंद्रसूर्याच्या ज्या ओढीने समुद्राला भरती येते, तिचा या धक्क्यांच्या वेळांशी काही संबंध आहे काय, हेही ओल्डहॅम यांनी तपासले. त्या काळी हा विषय काहीसा नादिष्टपणाचा वाटला असेल. त्याचा संदर्भ पुढे येईल.

तीन तरंग

घन पदार्थातून दाब-प्रसरणाचा आणि आडव्या हेलकाव्याचा असे दोन तरंग वेगवेगळ्या गतीने जातात, हे फ्रेंच गणिती प्वासाँ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच सिद्ध केले होते. पृष्ठभागालगत जाणाऱ्या तिसऱ्या तरंगाचे गणित लॉर्ड रॅले यांनी १८८५ मध्ये मांडले. प्रत्यक्ष भूकंपाच्या नोंदीत ते वेगळे करून दाखविणे मात्र कोणाला जमले नव्हते. उगमाजवळ सर्व तरंग एकमेकांत मिसळलेले असतात. ते सुटे होण्यासाठी अंतर लागते.

ते अंतर आसामच्या भूकंपाने मिळवून दिले. सुमारे सात हजार किलोमीटर दूर असलेल्या इटलीतील वेधशाळांतील लंबकांनी हा भूकंप टिपला होता. त्या नोंदींत ओल्डहॅम यांना तीन टप्पे दिसले. प्रथम बारीक कंपन सुरू होते, काही मिनिटांनी दुसरे अधिक ठळक कंपन येते आणि शेवटी मोठ्या, संथ लाटा येतात. पहिले दोन टप्पे पृथ्वीच्या अंतरंगातून आलेले अनुक्रमे दाबाचे व हेलकाव्याचे तरंग आणि तिसरा पृष्ठावरून आलेला, अशी त्यांनी फोड केली. १९०० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी इतर भूकंपांच्या नोंदी घेऊन याला पुष्टी दिली. पहिल्या व दुसऱ्या तरंगांतील वेळेचे अंतर कळले की उगमस्थान किती दूर आहे ते कळते. भूकंपाची जागा शोधण्याची आजही शाळेत शिकविली जाणारी रीत ती हीच. याच सुमारास भारतात कोलकात्यातील अलीपूर, मुंबईतील कुलाबा आणि कोडाईकनाल येथील वेधशाळांत मिल्न यांच्या रचनेचे भूकंपमापक बसविण्यात आले.

पृथ्वीचा गाभा

प्रकृती बरी राहत नसल्याने ओल्डहॅम १९०३ मध्ये सेवानिवृत्त होऊन इंग्लंडला परतले. त्यांचे सर्वांत गाजलेले संशोधन त्यानंतरचे आहे. जगातील निरनिराळ्या वेधशाळांच्या नोंदी त्यांनी अंतराप्रमाणे मांडल्या. दुय्यम तरंग एका मर्यादेपर्यंत अपेक्षित वेळी पोहोचत. पृथ्वीच्या जवळजवळ विरुद्ध बाजूस असलेल्या ठिकाणी मात्र ते फार उशिरा आल्यासारखे दिसत. यावरून पृथ्वीच्या मध्यभागी तरंगांची गती मंदावणारा वेगळ्या द्रव्याचा गोल असला पाहिजे आणि त्याची त्रिज्या पृथ्वीच्या त्रिज्येच्या ०.४ पटीपेक्षा अधिक नसावी, असे त्यांनी १९०६ मध्ये लिहिले. त्यांनी उशिरा आलेला दुय्यम तरंग म्हणून जो ओळखला, तो तसा नव्हता, हे पुढे स्पष्ट झाले. गाभ्याचा आकारही त्यांच्या अंदाजाहून मोठा निघाला. मूळ निष्कर्ष मात्र टिकला. बेनो गुटेनबर्ग यांनी गाभ्याची सीमा सुमारे २९०० किलोमीटर खोलीवर निश्चित केली, हॅरल्ड जेफ्रीज यांनी १९२६ मध्ये तो द्रवरूप असल्याचे दाखविले, आणि इंगे लेहमान यांनी त्याच्याही आत असलेला अंतर्गाभा १९३६ मध्ये, म्हणजे ओल्डहॅम यांच्या निधनाच्याच वर्षी, शोधला.

उत्तरायुष्य

१९०८ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीने त्यांना लायेल पदक दिले. १९११ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले आणि १९२० ते १९२२ या काळात जिऑलॉजिकल सोसायटीचे अध्यक्ष होते. १९१७ मध्ये हिमालय व गंगेच्या मैदानाच्या अंतर्रचनेवर त्यांचा ग्रंथ निघाला. फ्रान्समधील ऱ्होन नदीच्या त्रिभुज प्रदेशाच्या इतिहासातही त्यांनी रस घेतला.

१९२६ मध्ये ते पुन्हा भारतीय भूकंपांकडे वळले. १६ जून १८१९ रोजी कच्छच्या रणात भूकंपामुळे जमिनीचा लांबच लांब बांध उचलला गेला होता. लोक त्याला अल्ला बंड म्हणतात. या भूकंपाचे परीक्षण करतानाच त्यांनी १८९७ च्या स्वतःच्या विवेचनाचीही फेरतपासणी केली. पृष्ठभागावर जाणवणारा धक्का व तेथील भेगा हे दुय्यम परिणाम असून मूळ घडामोड त्याहून बरीच खोल व वेगळ्या स्वरूपाची असावी, असे मत त्यांनी आता मांडले, आणि दोहोंसाठी निराळे शब्दही योजले. सत्तरीकडे झुकलेल्या माणसाने आपल्या सर्वांत नावाजलेल्या ग्रंथाला असा हात घालणे विशेष म्हटले पाहिजे. मात्र या मतात पुढील संशोधनाची भविष्यवाणी शोधू नये. खोल घडामोड म्हणजे नेमके काय, याची त्यांची कल्पना आजच्याहून पुष्कळ वेगळी होती.

संथ घसरण व ओल्डहॅम यांची पद्धत

प्रस्तरभंगावरील हालचाल काही सेकंदांत किंवा मिनिटांत संपते, अशी समजूत दीर्घकाळ होती. अधोगमन क्षेत्रांच्या बाबतीत ती २००१ नंतर बदलली. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर व्हँकूव्हर बेटाजवळील जीपीएस केंद्रे एरवी जमिनीच्या दिशेने हळूहळू सरकतात. ड्रॅगर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ती काही दिवस काही मिलिमीटर उलट, समुद्राकडे, गेलेली आढळली. खोलवर दोन भूपट्टांमधील सांधा एकही धक्का न देता काही सेंटीमीटर घसरला होता. हीच घसरण एकदम झाली असती तर सहापूर्णांकाहून अधिक महत्तेचा भूकंप झाला असता. पुढच्या वर्षी जपानचे काझुशिगे ओबारा यांनी नैर्ऋत्य जपानखाली सुमारे ३० किलोमीटर खोलीवरून येणारी, तासन्तास व दिवसेंदिवस चालणारी मंद कंपने शोधली. २००३ मध्ये रॉजर्स व ड्रॅगर्ट यांनी दाखविले की व्हँकूव्हरखाली अशी कंपने आणि संथ घसरण बरोबरच होतात आणि साधारण चौदा महिन्यांनी पुन्हा येतात. (हे रॉजर्स म्हणजे १८८१ च्या लाटा मोजणारे मेजर रॉजर्स नव्हेत.)

ओल्डहॅम यांची रीत येथे चालत नाही, ही लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. त्यांची सर्व पद्धत तरंगाच्या स्पष्ट आरंभावर उभी आहे. या कंपनांना तसा आरंभच नसतो. ती हळूच सुरू होतात आणि हळूच विरतात. वाऱ्याची, वाहनांची कुरकुर समजून ती वर्षानुवर्षे बाजूला सारली जात होती. अनेक केंद्रांवर कंपनांचा चढउतार एकसारखाच दिसतो, हे ताडून ओबारा यांनी त्यांची जागा काढली. पुढे या कंपनांत अतिशय लहान, मंद भूकंपांची मालिका दडलेली असल्याचे दिसून आले. म्हणजे दुय्यम तरंग त्यांतही होते, फक्त एकात एक मिसळलेले. त्यांचा जोर भरती-ओहोटीबरोबर कमीजास्त होतो, हेही सिद्ध झाले. अडकलेल्या सांध्यावरचा ताण अगदी थोड्या बलानेही तेथे हलतो. आसामच्या धक्क्यांबाबत ओल्डहॅम यांनी विचारलेला प्रश्न या नव्या क्षेत्रात अशा रीतीने पुन्हा उभा राहिला.

२६ डिसेंबर २००४ रोजी सुमात्रा ते अंदमान असा सुमारे १३०० किलोमीटरचा सांधा फाटला. भूकंपाची महत्ता ९.१ ते ९.३ होती आणि त्सुनामीत दोन लाखांहून अधिक लोक मरण पावले. सुमात्राकडील भाग वेगाने घसरला. उत्तरेकडे, निकोबार-अंदमानखाली, घसरणीचा काही भाग संथपणे झाला असावा असे अनेक अभ्यासकांचे मत आहे, कारण बेटांचे प्रत्यक्ष स्थलांतर भूकंपतरंगांवरून काढलेल्या घसरणीपेक्षा अधिक आढळले. हा भाग किती संथ होता याविषयी मतभेद आहेत. या चर्चेतही पोर्ट ब्लेअरच्या भरतीमापकाची नोंद पुराव्यात होती. १८८१ मध्ये किंचित वर आलेले कार निकोबार या वेळी सुमारे एक मीटर खचले. मुख्य धक्क्यानंतरही बेटांची हालचाल काही वर्षे चालू राहिल्याचे जीपीएसवरून दिसून आले.

बंगालच्या उपसागरातील भूकंपाने भारताच्या पूर्व किनाऱ्यावर लाटा येतात, हे १८८४ पासून छापील स्वरूपात उपलब्ध होते. तरीही २००४ मध्ये हिंदी महासागरासाठी इशारा देणारी यंत्रणा नव्हती. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्रात ती २००७ मध्ये सुरू झाली.

ओल्डहॅम प्रस्तरभंग

१८९७ नंतर करण्यात आलेल्या त्रिकोणमितीय मोजणीचा संपूर्ण अर्थ ओल्डहॅम यांच्या हयातीत लागला नव्हता. बिलहॅम व इंग्लंड यांनी २००१ मध्ये तीच आकडेवारी पुन्हा तपासली. शिलाँग पठाराच्या उत्तर कडेखाली, जमिनीवर न दिसणारा, दक्षिणेकडे उतरत जाणारा सुमारे ११० किलोमीटर लांबीचा प्रस्तरभंग त्या भूकंपात घसरला असावा, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि त्याला ओल्डहॅम प्रस्तरभंग हे नाव दिले.